पाणी काढून ठेवलेली गाडी

१४ ऑक्टोबर

सूनबाई,

कागदोपत्री तू आता माझी सून नाहीस, ते मला ठाऊक आहे. पण दुसरं काय लिहावं ते अर्धा तास सुचेना, म्हणून हेच लिहिलं. चालवून घे.

कामाचंच लिहिते. तुमची कॅराव्हॅन, मोटारीमागे जोडून न्यायची ती चाकांवरची खोली, अजून माझ्या अंगणात उभी आहे. तुझी पोर, आपली भिंगरी, तिला गोगलगाय म्हणायची, आठवत असेल. तुझा नवरा, म्हणजे आता नुसता माझा मुलगा, जाताना म्हणाला, "असू दे आई तुझ्याकडे, बघतो नंतर." ते नंतर अजून उगवलेलं नाही. गेले दोन हिवाळे कोपऱ्यावरचा गॅरेजवाला येऊन तिचं पाणी काढून द्यायचा, नळ्या गोठून फुटू नयेत म्हणून. यंदा त्याची पाठ धरली आहे, तो स्वतःच वाकू शकत नाही. थंडी तर तोंडावर आली. परवा पहाटे बादलीतल्या पाण्यावर बर्फाचा पापुद्रा धरला होता.

तू दर ऑक्टोबरात हे काम करायचीस आणि मी बाजूला उभी राहून टॉर्च धरायचे. टॉर्च धरणाऱ्याला सगळं दिसतं आणि येत काहीच नाही, हे आता कळलं. मोठी टाकी मी रिकामी केली. नळ उघडे टाकले. पण गीझरमधलं पाणी कुठून काढायचं? पलंगाखालच्या फळीमागे एक पिवळी कळ आहे, ती ओढायची की फिरवायची? मी ओढून बघितली, हलली नाही. जोर लावायची भीती वाटते. इस्पितळाच्या धुलाईघरात एकतीस वर्षं काढली, बसएवढी मोठी यंत्रं हाताखाली होती, पण तिथं काही अडलं की फिटरला हाक मारायची सोय होती. तशी हाक आता तुलाच मारते आहे.

दोन ओळी लिहून पाठवल्यास तरी पुरे. भिंगरीचा कोपर कसा आहे? थंडीत दुखतो का?

तुझी सासूबाई
(याला काही चांगला शब्द असेल तर कळव.)


२ नोव्हेंबर

सूनबाई,

तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, पाणीपुरवठा खात्याचा आदेशच. वर मायना नाही, खाली सही नाही, आणि मधे सोळा कामं. पण अक्षर तेच, ठसठशीत. तुझ्या हाताखालचे फिटर तुला का वचकून असतात ते कळलं.

सगळं केलं. पिवळी कळ फिरवून मग ओढायची होती. पाणी भळाभळा आलं आणि माझ्या चपलांत गेलं. पंपाची जाळी काढून पुसली. शॉवरची नळी खाली लोंबती ठेवली. मोऱ्यांत उरलेलं पाणी गोठू नये म्हणून अँटीफ्रीझ ओतलं. बॅटरी काढून घरात आणली, ती आणताना कंबर जी धरली ती अजून सुटलेली नाही. फ्रिजचं दार उघडं ठेवून मधे टॉवेल अडकवला. गाद्या उभ्या केल्या. गॅसच्या दोन्ही टाक्या बंद केल्या. चाकांखाली ठोकळे घातले आणि हॅंडब्रेक सोडून ठेवला. तो ओढून ठेवला तर हिवाळाभरात जाम होतो, हे मी साफ विसरले होते. तू लिहिलंस ते बरं झालं.

उंदीर शिरू नयेत म्हणून खालच्या भोकांत तारेचा चोथा कोंबायला जमिनीवर आडवं व्हावं लागलं. झाले आडवी. उठायला वेळ लागला. शेजारीण कुंपणावरून म्हणाली, "काय हो, बरं आहे ना?" म्हटलं, "आकाश बघते आहे." ती खरंच वर बघायला लागली.

मोटारीला जोडायच्या कपलिंगलाही ग्रीस लावलं आणि वरून पिशवी बांधली. सोळा कामांत तू ते लिहिलं नव्हतंस. तुझ्या हातून असं काही सुटत नाही. ते सुटलेलं नाही, मला कळतं. त्याचं नाव तुला लिहवलं नसेल.

कोपराबद्दल तू काहीच लिहिलं नाहीस. असू दे.

बाहेर अंधारून आलं आहे, चार वाजताच. चहा करते.


११ जानेवारी

सूनबाई,

महिन्यातून एकदा बॅटरी चार्ज करायची, एकदा आत जाऊन ओल बघायची, असं तू लिहिलं होतंस. बघते. छपरावरचा बर्फ केरसुणीने ढकलते. आत गेले की जरा बसते. थंडी असते, पण बाहेरचं कुणी दिसत नाही, हे बरं वाटतं. खिडकीवर भिंगरीने चिकटवलेली चित्रं अजून आहेत. काढावीत का ते ठरत नाही.

मागच्या डाव्या कोपऱ्यात फळी दाबली की बोट आत जातं. छपराची शिवण सुटली असावी. उन्हाळा आला की बघू.

त्याचा फोन आला होता. रविवारी. एरवी सणावाराला, माझ्या आजारपणाला करतो, म्हणून दचकले. म्हणाला, "आई, गोगलगाय चालू करून ठेव. एप्रिलच्या सुट्टीत भिंगरीला घेऊन आठ दिवस फिरायला जाणार आहे." मी म्हटलं, "तिच्या आईला विचारलंस?" "विचारलं. हो म्हणाली."

खरंच हो म्हणालीस? मला वाटलं होतं तू नाही म्हणशील. महिन्यातले दोन रविवार त्याच्या घरी जाणं वेगळं आणि आठ दिवस रस्त्यावर वेगळं. पण मी कोण बोलणार. तुझ्याच मनात असेल की बापाला नाही म्हणायचा हक्क आपल्याला उरलेला नाही. तसं असेल का? उत्तर देऊ नकोस.

तो बरा आहे असं म्हणाला. आवाज बरा होता, निदान सुरुवातीला.


६ मार्च

सूनबाई,

गाडी जागी करते आहे. टाकीत सोडा घालून दोनदा धुतली, पाणी भरलं, पंप सुरू केला, आणि स्वयंपाकाच्या ओट्याखालून कारंजं उडालं. नळाचा सांधा फुटला होता. म्हणजे कुठेतरी घोटभर पाणी मी ठेवलंच होतं आणि त्याने हिवाळ्यात आपलं काम केलं. तू असतीस तर नुसतं माझ्याकडे बघितलं असतंस. नवा सांधा मी स्वतः बसवला. दोन दिवस लागले आणि सगळी बोटं सोलून निघाली. आता गळत नाही.

गॅरेजवाला पाठीला पट्टा बांधून आला. त्याने चाकं उतरवून बेअरिंगला ग्रीस भरलं, ब्रेक बघितले, कोपऱ्यातली कुजकी फळी काढून नवी घातली, पाणी शिरू नये म्हणून शिवणीला सीलंट लावलं. काम करता करता म्हणाला, "आजी, ही गाडी आधी कुणाच्या हातात होती?" म्हटलं, "सुनेच्या." म्हणाला, "हात चांगला आहे. प्रत्येक स्क्रूखाली वॉशर आहे. असं माणूस काही अर्धवट सोडत नाही."

मी चहाचे कप उचलून आत गेले.

मुलगा परवा येऊन गेला, गाडी बघायला. दुपारी दोनची वेळ. आला तो पंधरा मिनिटं फाटकापाशी मोटारीतच बसून होता. मी खिडकीतून बघत होते. मग उतरला, तोंडात पेपरमिंट. मला मिठी मारली नाही, लांबूनच बोलला. गोगलगायीभोवती एक फेरी मारली, टायरला लाथ घातली आणि म्हणाला, "झकास." जाताना मोटार मागे घेताना फाटकाचा खांब थोडा घासला. थोडासाच. रंग गेला आहे, बाकी काही नाही.

तुला हे का लिहिते आहे, मला माहीत नाही. माहीत आहे. पण आज दमले आहे.


२१ मार्च

सूनबाई,

हे पत्र सकाळी लिहायला बसले आहे, डोकं ताजं असताना. तू बसून वाच.

तीन वर्षांपूर्वी त्या शनिवारी गाडी निघाली तेव्हा तुझी ड्यूटी होती, म्हणून तू आली नव्हतीस. निघायच्या आधी कॅराव्हॅन तूच मोटारीला जोडलीस. तू सगळ्यांना सांगितलंस की घाईत जोडली, कामावर जायचं होतं, कळ नीट बसली की नाही बघायचं राहिलं असेल. इतक्या वेळा तू ते सांगितलंस की तुझाच त्यावर विश्वास बसला.

राहिलं नव्हतं. मी तुझ्याशेजारी उभी होते. तू कपलिंग मोटारीच्या मागच्या गोळ्यावर बसवलंस, कळ खाली दाबलीस, खटका वाजला. मग पुढच्या छोट्या चाकाचा दांडा फिरवून कॅराव्हॅनचं तोंड वर केलंस, इतकं की मोटारीचा मागचा भाग त्याच्याबरोबर उचलला गेला. मला म्हणालीस, "बघा आई, मोटार उचलली गेली म्हणजे पकड पक्की." मग साखळी अडकवलीस. पकड बसल्याची हिरवी खूण दिसत होती. हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं.

दुपारी आम्ही जेवायला थांबलो. तो जेवला कमी आणि प्यायला जास्त. मी म्हटलं, "जरा पडून घे, मग निघू." म्हणाला, "आई, मी रोज गाडी चालवतो, मला शिकवू नकोस." मी मोटारीत जाऊन बसले. भिंगरी मागे पट्टा लावून बसली होती, गाणं म्हणत होती. उताराला त्याने वेग कमी केला नाही. वळणावर कॅराव्हॅन आधी एका बाजूला झुकली, मग दुसऱ्या, आणि मग मागून कुणीतरी पकडून झटका द्यावा तशी उसळून, साखळी तोडून सुटली. ती खड्ड्यात गेली, आम्ही दगडी कठड्यावर. भिंगरीचा हात कुठे होता ते तुला डॉक्टरांनी सांगितलं आहे, मी परत लिहीत नाही.

इस्पितळात चौकशीला माणूस आला तेव्हा मुलगा म्हणाला, "कपलिंग आपोआप सुटलं. बायकोने जोडलं होतं." त्या माणसाने मला विचारलं, "आजी, तुम्ही जोडताना बघितलं होतं का?" मी म्हटलं, "मी घरात होते. मला माहीत नाही."

एवढंच वाक्य. तेवढ्याने झालं.

त्याची नोकरी गाडी चालवायची. खरं सांगितलं असतं तर ती गेली असती, कदाचित तो आतही गेला असता. मला वाटलं, सुनेला कोण काय करणार, चूक सगळ्यांकडून होते, चार दिवस बोलणी खाईल आणि विसरून जाईल. असा हिशेब मी मनात केला, इस्पितळाच्या बाकावर बसून, आतमध्ये पोरीचा हात बसवत असताना. तू धावत आलीस, कामाच्याच कपड्यात, आणि पहिलं वाक्य म्हणालीस, "मी बघायला हवं होतं." तेव्हाही मी बोलू शकले असते. मी तुझ्या पाठीवरून हात फिरवला. त्या हाताची मला अजून लाज वाटते.

मग तू झोपेनाशी झालीस, गाडीत बसेनाशी झालीस. तो तुला घालूनपाडून बोलायचा आणि तू ऐकून घ्यायचीस. तू ऐकून घेणाऱ्यातली नव्हतीस. घर मोडलं ते त्याच्या दारूने मोडलं, पण तुला वाटलं तुझ्यामुळे. आणि आता तू हो म्हणालीस. तुझ्या मनात असणार, पोरीला ज्या आईने जखमी केलं तिने बापावर संशय कुठल्या तोंडाने घ्यायचा.

त्याच्याबरोबर तिला पाठवू नकोस. गाडी एकदम ठणठणीत आहे. चालवणारा नाही.

माफी मागत नाही. मागायची तर कोणत्या तोंडाने मागायची, ते कळत नाही. तू चिडशील, चीड. पण आधी नाही म्हणून कळव त्याला.


३ एप्रिल

सूनबाई,

फोनवर तू एकच वाक्य बोललीस: "हे तुम्ही त्याच्यासमोर बोलाल का, आणि लिहून द्याल का?" मी हो म्हटलं, आणि तू फोन ठेवलास. बरोबर केलंस.

दोन्ही केलं. आधी त्याला बोलावून घेतलं. मी नाही जायची त्याच्या दारात, म्हटलं ये. स्वयंपाकघरात बसलो. मी म्हटलं, "मी सुनेला सगळं कळवलं आहे. अपघाताचं."

"काय सगळं?"

"तू प्यायला होतास. कपलिंग पक्कं होतं. मी खोटं बोलले."

तो आधी हसला. मग म्हणाला, "तुला आठवत नाही आता नीट. वय झालं तुझं."

"वय झालंच आहे. पण हे आठवतंय."

"आई, तू माझी आई आहेस की तिची?"

"तुझीच. म्हणून तर तीन वर्षं गप्प बसले."

मग तो ओरडला. काय काय बोलला ते लिहीत नाही, काही माझ्या लायकीचंच होतं. माझी नोकरी जाईल, म्हणाला. मी म्हटलं, "जाईल." लहानपणी कुठं पडला की तो आधी माझ्या तोंडाकडे बघायचा आणि मग रडायचं की नाही ते ठरवायचा. तसंच बघितलं त्याने. मी तोंड फिरवलं नाही. गोगलगायीची चावी मागितली, मी दिली नाही. टेबलावरचा कप भिंतीवर मारला आणि गेला. चालत गेला, एवढं मात्र केलं. मोटार इथंच फाटकाशी राहिली दोन दिवस, मग त्याचा मित्र येऊन घेऊन गेला.

दुसऱ्या दिवशी तुझ्या वकीलबाईंच्या कचेरीत जाऊन जबाब दिला. बाईंनी विचारलं, "तुम्ही त्या वेळी खोटं का सांगितलं?" मी म्हटलं, "मुलगा आहे." त्यांनी तेवढंच टाइप केलं. मी प्रत्येक पानावर सही केली. खोटं बोलल्याचं माझ्यावर काही येईल का, असं विचारलं, तर म्हणाल्या, येऊ शकतं. येऊ दे.

त्याचा फोन नाही. मी केला, उचलला नाही. त्याचं पुढं काय होणार, मला माहीत नाही. भीती वाटते. तुला हे सांगायला नको, पण दुसरं कुणाला सांगू?

गाडी तू घेऊन जा. तिचे कागद तुझ्याच नावावर आहेत, वकीलबाईंनी बघितलं. विक, ठेव, काय करायचं ते कर. माझ्या अंगणात तिच्याकडे बघवत नाही आणि सगळं काम आता माझ्याच्याने होत नाही.

वकीलबाईंकडून तू निरोप दिलास, भिंगरीला मीच सांगितलं पाहिजे. हो. तू घेऊन ये, मी सांगते.


२८ एप्रिल

सूनबाई,

तुम्ही काल पोचलात असा निरोप मिळाला. रस्ताभर तू दर तासाला थांबून कपलिंग बघितलंस, असं भिंगरीने फोनवर सांगितलं. हळूहळू कमी होईल.

तू माझ्याशी चार शब्द बोललीस, तेही गीझर, पंप, सीलंट यांबद्दल. माझी काही तक्रार नाही. पण एक गोष्ट तुला लिहायला हवी, कारण तू तेव्हा बाहेर गाडी जोडत होतीस आणि भिंगरी तुला स्वतःहून सांगेल असं वाटत नाही.

तिला मी स्वयंपाकघरात बसवलं. केवढी उंच झाली आहे. दूध दिलं, ते तिने डाव्या हाताने उचललं. उजवा सरळ होत नाही, तो मांडीवर ठेवते. मी खूप दिवस मनात जुळवलेलं सगळं तिला सांगितलं. आईने काही चुकवलं नव्हतं, बाबा प्यायले होते, आजी खोटं बोलली. सोप्या शब्दांत सांगितलं.

ती ऐकत होती. आश्चर्य वाटल्यासारखं काही तोंडावर दिसलं नाही. दूध संपवलं आणि म्हणाली, "मला माहीत होतं, आजी."

मी म्हटलं, "काय माहीत होतं?"

"बाबांच्या तोंडाला वास येत होता. आणि आईने लावलेलं मी खिडकीतून बघितलं होतं. मोटार वर उचलली गेली होती."

"मग बोलली का नाहीस, बाळा? आईला तरी?"

तिने ग्लास सिंकमध्ये नेऊन ठेवला, नळ सोडून धुतला, एका हाताने. पाठ माझ्याकडे होती. म्हणाली, "तो काका विचारत होता तेव्हा मी पडद्याआड झोपले नव्हते. तू म्हणालीस, माहीत नाही. मला वाटलं, तू मोठी आहेस. तू सांगत नाहीस म्हणजे सांगायचं नसतं."

सात वर्षांची होती ती तेव्हा. तीन वर्षं ती हे घेऊन तुझ्या शेजारी झोपते आहे, आणि तू तिच्या शेजारी तुझं घेऊन.

मी तिला म्हटलं, "माझं चुकलं." तिने मान डोलावली. "आता आईला सांगू का, की मला माहीत होतं?" तिने विचारलं. मी म्हटलं, तू नको, मी सांगते. म्हणून हे पत्र.

तिला जवळ घे. तिला रागावू नकोस, हे तुला सांगायची गरज नाही, तरी लिहिते. माझ्याकडे तिला पाठवायचं की नाही ते तू ठरव, दोन्ही मला मान्य आहे.

अंगणात गाडी होती तिथलं गवत पिवळं पडलं आहे, खोलीएवढा चौकोन. आज जमीन जरा खणून ठेवली. अर्धीच झाली. उरलेलं उद्या.